पाचवे शील आणि दवाखान्याचा उंबरठा

पंचशील आपण सर्वच जण म्हणतो. विहारात म्हणतो, लग्नात म्हणतो, नामकरणाला, गृहप्रवेशाला आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही म्हणतो. पाचव्या शीलापाशी आल्यावर सभेतील काही जणांचा आवाज हळूच खाली जातो, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. मद्य आणि मादक पदार्थ यांपासून दूर राहण्याचे ते शील आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षेच्या वेळी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तेव्हा दारू सोडा असे सांगणारे वचन आपल्याजवळ नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही.

मग उणीव कोठे आहे? ज्याला व्यसन जडले आहे असा माणूस शील घेऊन घरी गेला, तर दुसऱ्या दिवशी त्याला कोठे न्यायचे, कोणाला दाखवायचे, तेथे त्याच्यावर काय उपचार होतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. प्रस्तुत लेख त्यासाठी आहे. मी डॉक्टर नाही. बँकेत लिपिक आहे आणि शिक्षण कला शाखेचे. परंतु एका प्रसंगानंतर हा विषय मनातून जाईना. म्हणून मिळेल ते वाचले, जाणकारांना विचारले आणि जे समजले ते विद्यार्थी व सभासद बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहे.

एक प्रसंग

२०११ सालची बुद्ध पौर्णिमा. आमच्या वस्तीतील विहारात सायंकाळी व्यसनमुक्तीचा कार्यक्रम ठेवला होता. नऊ जणांनी सर्वांसमक्ष दारू सोडण्याची प्रतिज्ञा केली. सूत्रसंचालन माझ्याकडे होते. एकेकाचे नाव मी माइकवरून पुकारत होतो आणि लोक टाळ्या वाजवीत होते. त्या नऊ जणांत माझा दूरचा चुलत भाऊ होता. आम्ही त्याला दादा म्हणत असू. कारखान्यात फिटर, हाताला उत्तम कसब आणि पंधरा-सोळा वर्षांचे रोजचे पिणे. सकाळी उठल्यावर दोन घोट घेतल्याशिवाय त्याचा हात स्थिर होत नसे, हे आम्हा सर्वांना माहीत होते. ही आजाराची खूण आहे, हे मात्र आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हते.

दादाने शब्द पाळला. त्या रात्रीपासून थेंबही घेतला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला कापरे भरले, अंगाला घाम सुटला, अन्न जाईना. लोक म्हणाले, दारू अंगातून निघते आहे, थोडे सोस. त्या रात्री त्याला झटका आला. कोणी कांदा हुंगवला, झटका थांबला, तो झोपला आणि आम्ही निर्धास्त झालो. तिसऱ्या रात्री तो भिंतीशी बोलू लागला. चादरीवरून नसलेले किडे वेचू लागला. वहिनींना त्याने ओळखले नाही. कोणी म्हणाले नाटक करतो आहे, आणि विहारात बसणाऱ्या आमच्याच माणसांपैकी एकाने बाहेरच्या बाधेचेही नाव काढले. पहाटे अंग तापाने फणफणले तेव्हा त्याला रिक्षात घालून रुग्णालयात नेले. फार उशीर झाला होता. दोन दिवसांनी दादा गेला.

वहिनी आजही कुटुंब निवृत्तिवेतन काढायला आमच्या शाखेत येतात. पैसे काढण्याची स्लिप मी भरून देतो. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. पण त्या संध्याकाळी त्याचे नाव मी पुकारले होते, आणि दारू बंद करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा, एवढे एक वाक्य सांगणारे त्या सभेत कोणी नव्हते. मीही नव्हतो. दादाची प्रतिज्ञा खरी होती. तिच्या पाठीशी दवाखाना नव्हता.

व्यसन हा आजार कसा?

दारू पिणारा प्रत्येक माणूस आजारी असतो असे नाही. परंतु पिण्यावरचा ताबा सुटणे, पूर्वीइतकाच परिणाम व्हायला अधिक प्रमाण लागणे, न मिळाल्यास शरीराला त्रास होणे आणि नुकसान दिसत असूनही पिणे चालूच राहणे, ही लक्षणे एकत्र दिसू लागली की त्याला वैद्यकशास्त्र अवलंबित्व म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात त्याची नोंद आजार म्हणून आहे. आपल्या देशाच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही (२०१७) मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे.

दादाला जे झाले त्याचे कारण समजून घेऊ. दारू मेंदूचे काम मंदावते. ती रोज मिळू लागली की मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून, स्वतःला अधिक उत्तेजित ठेवून आपला तोल सांभाळतो. रस्सीखेचीचा खेळ डोळ्यांसमोर आणावा. दोन्ही बाजू जोराने ओढत असताना एका बाजूने अचानक दोर सोडला तर दुसरी बाजू कोलमडते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली की मेंदूची हीच गत होते. शेवटच्या पेल्यानंतर साधारणपणे पहिल्या दिवसातच कापरे, घाम, मळमळ, निद्रानाश सुरू होतो. काहींना पहिल्या ४८ तासांत झटके येतात. थोड्या रुग्णांना ४८ ते ९६ तासांच्या सुमारास भ्रम होतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप चढतो. या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास ती जिवावर बेतते. दादाच्या तीन रात्री या वेळापत्रकाशी मी नंतर ताडून पाहिल्या. त्या तंतोतंत जुळल्या.

याचा अर्थ दारू सोडणे धोक्याचे आहे, असा कोणी काढू नये. पिणे चालू ठेवणे त्याहून धोक्याचे आहे. अर्थ एवढाच की, जो रोज आणि भरपूर पितो, ज्याचे हात सकाळी कापतात, ज्याला पूर्वी झटका येऊन गेला आहे, त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू सोडावी.

उपचाराच्या पायऱ्या

पहिली पायरी ओळखण्याची. यासाठी डॉक्टर मंडळी चार साधे प्रश्न फार वर्षांपासून वापरतात. पिणे कमी करावे असे कधी मनात आले का? त्यावरून कोणी बोलल्यास चीड येते का? पिण्याबद्दल मनाला टोचणी लागते का? सकाळी उठल्याबरोबर घ्यावी लागते का? यांपैकी दोन प्रश्नांना होय असे उत्तर आले, तर तपासणीची गरज आहे असे समजावे. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली दहा प्रश्नांची एक प्रश्नावलीही आहे. तिला ऑडिट म्हणतात. तिच्यातील गुणांवरून पिणे किती घातक टप्प्यावर आहे याचा अंदाज येतो. रक्तदाब तपासावा तितक्या सहजतेने हे प्रश्न साध्या दवाखान्यातही विचारता येतात.

दुसरी पायरी शरीरातून दारू सुरक्षितपणे उतरविण्याची. यात डॉक्टर मेंदूची उत्तेजना शमविणारी औषधे, उदाहरणार्थ क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम, देऊन काही दिवसांत त्यांचे प्रमाण कमी करीत आणतात. त्याबरोबर थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व दिले जाते. दीर्घकाळ पिणाऱ्याच्या शरीरात याची तूट असते आणि त्या तुटीमुळे मेंदूला, स्मरणशक्तीला कायमची इजा होऊ शकते. अशा रुग्णाला थायमिन न देता नुसते ग्लुकोज चढविल्यास अपाय होण्याचा संभव असतो. म्हणून ‘एक बाटली चढवून आणू, बरे वाटेल’ हा आपल्या वस्त्यांतील उपाय करण्यापूर्वी डॉक्टरांना पिण्याची खरी हकीकत सांगितली पाहिजे. लाजेपोटी ती लपविली जाते आणि डॉक्टर अंधारात राहतो.

तिसरी पायरी समुपदेशनाची. शरीर आठ-दहा दिवसांत सावरते, मन सावरत नाही. पगाराचा दिवस, जुने सोबती, घरातील भांडण, एकटेपणा, आनंदाचा प्रसंग, यांपैकी कोणत्या क्षणी ओढ लागते आणि त्या क्षणी काय करायचे, याचा अभ्यास समुपदेशक रुग्णाकडूनच करून घेतो.

चौथी पायरी ओढ कमी करणाऱ्या औषधांची. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट यांसारखी औषधे काही रुग्णांना उपयोगी पडतात. डायसल्फिरम नावाचे औषध वेगळ्या प्रकारचे आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या असा तीव्र त्रास होतो. त्या भीतीने तो दारूपासून दूर राहतो. हे औषध रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावयाचे असते. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर आपण वाचतो. भाजीत किंवा चहात मिसळायच्या अशा पुडीत नेमके काय आहे हे घरच्यांना कळण्याचा मार्ग नसतो. त्यात डायसल्फिरमसारखे द्रव्य असेल आणि नवरा नेहमीप्रमाणे पिऊन आला, तर प्रसंग गंभीर होऊ शकतो. भगिनींनी या मोहात पडू नये, ही विनंती.

पाचवी पायरी पाठपुराव्याची. ही सर्वांत लांब आणि सर्वांत दुर्लक्षित. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

घराजवळ उपचार : तीन उदाहरणे

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सच्या मदतीने देशभर पाहणी करून २०१९ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक दारू घेतात आणि त्यांपैकी पाच कोटींहून अधिक लोकांना तिच्यासाठी मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणता ना कोणता उपचार मिळाल्याचे त्यात आढळले. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा १८० मध्ये एक. ही दरी केवळ मोठी रुग्णालये बांधून भरून निघणारी नाही. उपचार वस्तीजवळ यावा लागेल. तो येऊ शकतो, हे दाखविणारी तीन उदाहरणे आपल्या मुलखातलीच आहेत.

पहिले पुण्याचे. १९८० च्या दशकात गर्दच्या व्यसनाने शहरांतील तरुण मुले उद्ध्वस्त होत होती. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिलेले वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा येथे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी त्याची घडी बसविली. त्या १९९७ मध्ये निवर्तल्या, तरी काम थांबले नाही. व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता आदराने वागवायचे, ही तेथील कामाची पहिली अट. व्यसनातून बाहेर पडलेले अनेक जण पुढे तेथेच कार्यकर्ते झाले. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे, कारण आजार एकाला जडला तरी तो भोगते सारे घर.

दुसरे उदाहरण गोव्याचे, आणि आपल्यासारख्या संस्थांनी त्याचा विशेष अभ्यास करावा असे आहे. संगाथ ही संस्था तेथे १९९६ पासून मानसिक आरोग्याचे काम करते. तिने गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. सर्दी-खोकल्यासाठी, अंगदुखीसाठी केंद्रात आलेल्या पुरुषांना पिण्याविषयीचे दहा प्रश्न विचारले. ज्यांचे पिणे घातक टप्प्यावर होते, पण अजून पूर्ण अवलंबित्व आले नव्हते, अशा ३७७ जणांचे दोन गट केले. एका गटाला केंद्रातील नेहमीची सेवा मिळाली. दुसऱ्या गटाला त्या सेवेबरोबर समुपदेशनाच्या एक ते चार बैठकी मिळाल्या. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते. मानसोपचाराचे पूर्वीचे शिक्षण नसलेली, पण प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के लोकांचे पिणे घातक पातळीच्या खाली आले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. मागील चौदा दिवसांत दारूला अजिबात न शिवलेले पहिल्या गटात ४२ टक्के, तर दुसऱ्यात १८ टक्के निघाले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतरच्या तपासणीतही फरक टिकून होता.

हे आकडे मी मुद्दाम दिले. त्यांत जादू नाही. चार बैठकींनंतरही अनेकांचे पिणे सुटले नाही, हेही त्यांतच दिसते. परंतु नेहमीच्या आरोग्य केंद्रात, आपल्याच भाषेत बोलणाऱ्या, बारावी किंवा पदवी झालेल्या आपल्यातल्याच मुला-मुलींना हे काम शिकविता येते, हा धडा विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. मात्र दादासारख्या, शरीराने दारूवर अवलंबून असलेल्या रुग्णाला नुसते बोलणे पुरत नाही. त्याला डॉक्टरकडेच नेले पाहिजे. कोणाला कोठे पाठवायचे हे ओळखणे, हाच प्रशिक्षणाचा मुख्य भाग.

तिसरे गडचिरोलीचे. लोकांच्या आंदोलनातून १९९३ मध्ये त्या जिल्ह्यात दारूबंदी झाली. परंतु बंदीने दुकान बंद होते, जडलेले व्यसन बरे होत नाही. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेच्या पुढाकाराने २०१६ मध्ये तेथे मुक्तिपथ हा उपक्रम सुरू झाला. दारू व तंबाखू या दोहोंविरुद्ध गावसंघटना, जनजागरण आणि उपचार अशा सर्व बाजूंनी तो काम करतो. तालुक्याच्या ठिकाणी क्लिनिक आणि गावात शिबिर, अशी उपचाराची रचना आहे. रुग्णाने शहर गाठण्याऐवजी उपचाराने गाव गाठावे, हा विचार त्यामागे आहे.

पुन्हा घसरला तर?

२०११ च्या त्या कार्यक्रमातील उरलेल्या आठ जणांपैकी सहा जण दोन महिन्यांत पुन्हा पिऊ लागले. आम्ही काय केले? त्यांना टोमणे मारले. शील मोडले म्हणून हिणविले. त्यामुळे ते विहारात यायचे बंद झाले आणि गुत्त्यावर त्यांना कोणी हिणवीत नव्हते.

त्यांपैकी एक गृहस्थ २०१३ मध्ये पत्नीच्या आग्रहाने उपचाराला गेले. बरे होऊन आले, चार महिन्यांनी घसरले. पुन्हा गेले. एक वर्षाने भावाच्या लग्नात पुन्हा घसरले. तिसऱ्यांदा केंद्रात जाताना ते मला म्हणाले, “साहेब, आता कोणत्या तोंडाने जाऊ?” त्या वेळी तेथील समुपदेशकाने जे सांगितले ते मला फार मोलाचे वाटते. मधुमेहाच्या रुग्णाची साखर पुन्हा वाढली, तर आपण त्याला दवाखान्याचे दार बंद करतो का? औषध बदलतो, पथ्य तपासतो. दोन्ही वेळा घसरण्यापूर्वी काय घडले, याचा त्यांनी कागदावर तक्ता मांडला. दोन्ही वेळा पाठपुराव्याला जाणे आधी बंद झाले होते, आणि पिणे नंतर सुरू झाले होते. तेव्हापासून त्यांनी पाठपुराव्याची एकही तारीख चुकविली नाही. ते आज दारूपासून दूर आहेत. मात्र स्वतःला ते ‘सुटलो’ असे म्हणत नाहीत, ‘आजचा दिवस घेतली नाही’ एवढेच म्हणतात.

ही एका दिवसाची भाषा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकींत शिकविली जाते. १९३५ मध्ये अमेरिकेतील अॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही दारूने ग्रासलेले, एकमेकांच्या आधाराने दारूपासून दूर राहू लागले आणि त्यातून ही चळवळ उभी राहिली. तिच्या बैठकी महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मराठीत होतात. त्यांना फी नसते आणि तेथे बोललेले बाहेर सांगितले जात नाही.

घरच्यांनी काय करावे?

बँकेच्या खिडकीतून काही गोष्टी मला डॉक्टरांपेक्षाही आधी दिसतात. पगार जमा झाला त्याच दिवशी सारी रक्कम काढणे, मुदतठेव मुदतीपूर्वी मोडणे, पत्नीचे डोरले तारण ठेवून कर्ज, थकलेला हप्ता आणि तोंड लपविणारा जामीनदार. घरात असे काही चालू असेल, तर मूळ कारण शोधावे. नुसती उधारी फेडत राहिल्याने व्यसनाला आणखी मुदत मिळते.

उपचार सुरू झाल्यावर पहिले वर्षभर रोख रक्कम रुग्णाच्या हाती कमी राहील अशी व्यवस्था त्याच्या संमतीने करावी. पत्नीसह संयुक्त खाते उघडावे, महिन्याचे आवर्ती ठेव खाते सुरू करावे, एटीएम कार्ड घरात ठेवावे. पगाराच्या दिवशी घरातील कोणीतरी त्याला आणायला जावे. वाचलेल्या पैशाचा आकडा पासबुकात वाढताना दिसला की माणसाला जो धीर येतो, तो मी खिडकीपलीकडच्या चेहऱ्यांवर पाहिला आहे.

केंद्र निवडताना चौकशी करावी. ते परवानाधारक आहे का, डॉक्टर नियमित येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारावे. मारहाण करून किंवा बांधून ठेवून दारू सोडवितो असे सांगणाऱ्याकडे आपले माणूस देऊ नये. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला साखळदंडाने बांधणे २०१७ च्या कायद्याने निषिद्ध आहे. शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागात प्रथम दाखविणे हा कमी खर्चाचा व खात्रीचा मार्ग आहे. दूरध्वनीवरून सल्ला हवा असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हे राष्ट्रीय क्रमांक निःशुल्क आहेत. झटका, भ्रम किंवा बेशुद्धी असेल तर मात्र फोनवर सल्ला घेत बसू नये. १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

शील आणि उपचार

काही ज्येष्ठ मंडळी विचारतात की, शीलाचे सामर्थ्य कमी आहे म्हणून का दवाखान्यात जायचे? मला वाटते, प्रश्नच चुकीचा आहे. शील हे शिक्षापद आहे. कोणी बाहेरून लादलेली ती आज्ञा नव्हे. आपण होऊन स्वीकारलेला तो अभ्यास आहे आणि अभ्यासात चुकलेला विद्यार्थी पुन्हा धडा गिरवितो. म्हणूनच तर आपण पंचशील एकदाच न घेता आयुष्यभर पुनःपुन्हा ग्रहण करतो. घसरलेल्या माणसाला पुन्हा उभे राहण्याची मुभा धम्मातच आहे.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो इतरांच्या काही उपयोगाचा नाही म्हणून सोबतचे भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्ध आनंदासह तेथे आले. आनंदाने पाणी आणले, भगवंतांनी ते ओतले, दोघांनी त्याला स्वच्छ केले आणि उचलून खाटेवर निजविले. मग भगवंतांनी संघाला एकत्र करून आजाऱ्याची शुश्रूषा हे एकमेकांचे कर्तव्य असल्याचे समजाविले. रस्त्याच्या कडेला घाणीत पडलेला आपल्या वस्तीतील माणूस पाहिला की मला हा प्रसंग आठवतो. त्याला आधी उचलावे, स्वच्छ करावे, दवाखान्यात न्यावे. उपदेशाची वेळ नंतर येते.

आपल्या संस्थेला विनंती

शेवटी संस्थेच्या कार्यकारिणीपुढे काही सूचना नम्रपणे ठेवतो.

१) व्यसनमुक्तीच्या प्रतिज्ञेचा कार्यक्रम डॉक्टरांच्या उपस्थितीशिवाय घेऊ नये. आधी तपासणी, मग प्रतिज्ञा, असा क्रम ठेवावा.

२) महिन्यातून एक रविवार विहाराच्या खोलीत पाठपुरावा गटासाठी राखून ठेवावा. तेथे कोणाचेही नाव फलकावर किंवा माइकवर येऊ नये.

३) पत्नी, माता आणि मुले यांच्यासाठी स्वतंत्र बैठक घ्यावी. त्यांनाही बोलायला जागा हवी असते.

४) मानसशास्त्र, समाजकार्य व परिचर्या शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांपैकी दोन-तीन जणांना समुपदेशनाच्या प्रशिक्षणासाठी पाठवावे आणि खर्च शिष्यवृत्ती निधीतून करावा.

५) रुग्णाबरोबर दवाखान्यात जाणाऱ्या सोबत्यांची यादी करावी. पहिल्या दिवशी केस पेपर काढण्याच्या रांगेत शेजारी कोणी उभे असले, तर माणूस रांग सोडून परत जात नाही.

त्या पाचव्या सूचनेतील यादीत पहिले नाव माझे लिहावे. बँकेला दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुटी असते. ज्यांना बाह्यरुग्ण विभागात जायचे आहे, पण एकट्याने जाण्याचा संकोच वाटतो, त्यांच्याबरोबर मी येईन. इतर वारी जायचे असल्यास रजा टाकीन. दादाच्या वेळी माझ्याजवळ ही माहिती नव्हती. आता आपणा सर्वांजवळ ती आहे.